कागद पास, किंग पिन नापास



ज्वारीच्या भावावर आणि कापसाच्या खरेदीवर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही लिहावे लागणार आहे. आज मात्र आम्ही टाय रॉडवर लिहिणार आहोत. हसू नका. मालाला भाव मिळतो तो बाजारात, शेतात नव्हे. शेतापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर माल आणि माणूस दोन्ही ज्या चार-सहा लोखंडी सांध्यांच्या भरवशावर असतात, त्या सांध्यांकडे आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी वाकून पाहिले आहे?

आमच्या वस्तीवरल्या पाच घरांत मिळून एक जुनी चारशे सात आहे, १९९८ सालची. टाटांनी ही गाडी १९८६ साली बाजारात आणली. माण-खटावात काय आणि आटपाडी-जतेत काय, कोरडवाहू मुलखाचा कडबा, कांदा, कापसाची बोचकी, बकरी, खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या यात्रेला निघालेली खिलार खोंडे आणि वेळप्रसंगी लग्नाचे वऱ्हाड, सगळे या गाडीने वाहिले. नवी गाडी घेण्याइतका पैसा कोरडवाहू शेतीतून कधी उरला नाही, म्हणून जुनी गाडी. हौस म्हणून जुने लोखंड सांभाळणारे लोक शहरात असतात. आम्ही नाइलाजाने सांभाळतो.

मागच्या सुगीत कडब्याच्या पेंढ्या भरून आम्ही दहिवडीहून फलटणकडे निघालो. मोगराळे घाट उतरताना डावे चाक एका खड्ड्यात आपटले आणि पुढची दोन्ही चाके अशी लपलपायला लागली की स्टेअरिंग हातात धरवेना. कडब्याची गाडी तुम्हाला माहीत आहे. वजनाला फार नाही, पण उंचीला दीड माणूस वर. जरा कलली की सगळा डोलारा एका अंगाला येतो. चालवणाऱ्याने गाडी खालच्या गिअरवर आवरली आणि डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून हा लेख लिहायला आम्ही शिल्लक आहोत. चाकांना दगडाची उटी लावून खाली पाहिले, तर डाव्या टाय रॉडच्या टोकाचा गोळा आपल्या वाटीत खुळखुळत होता. आणखी दोन-चार वळणे झाली असती तर तो बाहेरच पडला असता. त्या टोकाच्या नटाला जिथे स्प्लिट पिन हवी, तिथे कुंपणाच्या तारेचा तुकडा पिळून घातलेला होता.

आता मौज पाहा. या प्रसंगाच्या आधी महिनाही झाला नव्हता, याच गाडीला रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला मिळाला होता. फी भरली होती, पावती होती, शिक्का होता. कागद पास होता. कोणत्या कचेरीत आणि कोणाच्या मध्यस्थीने, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ज्याच्या दारात गाडी आहे त्याला ते पाठ आहे. आणि ती तार कोणी घातली होती? सरकारने नाही, कंपनीने नाही. आमच्यातल्याच एकाने, दोन वर्षांपूर्वी, 'तात्पुरती' म्हणून घातली होती. हेही इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे जे बोलणार आहोत ते फक्त दुसऱ्याच्या नावाने खडे फोडणे नाही हे कळेल.

आधी सरकारचा हिशेब करू. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की योग्यतेचा दाखला दरवर्षी नवा घ्यावा लागतो. यात गैर काही नाही. गाडी रस्त्यावर एकटी नसते. समोरून एस.टी. येते, शाळेची पोरे येतात. तपासणी हवीच. पण फी बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या दाखल्याची फी ठरवली : जड ट्रकला १२,५०० रुपये, मध्यमला १०,००० आणि हलक्याला ७,५००. तेवढ्याने भागले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती दुप्पट झाली. जड ट्रकला २५,००० आणि आमच्यासारख्या हलक्या गाडीला १५,०००. आता ज्वारीत मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये. म्हणजे चार क्विंटल ज्वारी नुसत्या कागदाला. बरे साल असेल तर आपल्या कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल उतरते. एक एकर रान वर्षभर राबवायचे आणि त्याचा दाखला करून गाडीच्या पेटीत ठेवायचा. हमीभाव तरी कोणाच्या पदरात पडतो, तो वाद वेगळा.

सरकारचे म्हणणे असे की जुन्या गाड्या धोक्याच्या असतात, त्या मोडीत निघाव्यात. धोका आम्हाला सांगू नका. घाटात तो आम्ही हाताने चाचपला आहे. प्रश्न असा की धोका वयात आहे की झिजेत? १९९८ ची गाडी, जिला दर पंधरवड्याला ग्रीस पाजले आहे, आणि २०१६ ची गाडी, जिच्या निपलवर घेतल्या दिवसापासून मातीचा थर बसला आहे, यांतली कोणती समोरून आली तर तुम्ही रस्ता सोडून उभे राहाल? फी मात्र वयावर लागते, खेळावर लागत नाही. दुष्काळात आणेवारी काढणारे जसे रानात न उतरता बांधावरून पीक बघतात, तसाच हा प्रकार. पंधरा हजारांतला एक रुपयाही टाय रॉडच्या वाटीत जात नाही. उलट ज्या पैशात दोन्ही टोके, किंग पिनचा संच आणि चाकांची बेअरिंगे नवी झाली असती, तो पैसा कागदात जातो. मग घरधनी म्हणतो, सामानाचे पुढच्या सुगीला बघू. आमच्या मते जुनी गाडी धोक्याची होते ती इथे.

दुसरा हिशेब शहाण्या माणसांचा. घाटातून गाडी कशीबशी खाली आणली आणि एका गॅरेजात नेली. गाडीखाली न जाताच निदान झाले : 'स्टेअरिंग बॉक्स गेलाय, सगळा बदलावा लागेल, सामान मागवायला चार दिवस.' आम्ही म्हणालो, टाय रॉडचे टोक खुळखुळते आहे. उत्तर आले, 'तुम्ही शेती करा, हे तुमचे काम नाही.' भावांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? भाव ठरवणे तुमचे काम नाही, पाणी वाटणे तुमचे काम नाही, कापूस कुठे विकायचा हे तुम्ही ठरवायचे नाही. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, तेव्हा आपल्या रानातला कापूस आपल्या पसंतीच्या गिऱ्हाइकाला विकणे हा गुन्हा ठरला. जतच्या शेतकऱ्याला पलीकडे कर्नाटकाचा बाजार दिसत होता, पण कापूस भरलेली गाडी हद्द ओलांडू शकत नव्हती. तेव्हा गाडीत काय भरायचे हे दुसरे कोणी ठरवत होते. आता गाडीखाली कोणी शिरायचे हेही दुसऱ्यानेच ठरवायचे काय?

लोखंडाशी आपले नाते काही आजचे नाही. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभारला. आज पलूस तालुक्यातले किर्लोस्करवाडी ते हेच. त्यांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते असे म्हणणारे शेतकरी होते. पण नांगर चालला, नांगरट खोल झाली, आणि त्याच लोकांच्या नातवंडांनी पुढे इंजिने चालवली, पंप खोलले, ट्रॅक्टरचे क्लच बदलले. बैलगाडीचा आख, तुंबा, धाव, वंगण हे तर प्रत्येकाच्या अंगवळणी होते. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला जी खीळ असायची, ती आहे का हे पाहिल्याशिवाय आमचे आजे गाडी जुंपत नसत. त्याच खिळीला आता स्प्लिट पिन म्हणतात, आणि आम्ही तिच्या जागी कुंपणाची तार घातली. डिझेलचा वास आला म्हणून अक्कल गहाण पडली, दुसरे काय!

गाडी ओढून घरी आणली. शेजारच्या गावात एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक पाव्हणे आहेत, त्यांना बोलावले. त्यांनी पहिल्यांदा पाना मागितला नाही, चहा मागितला नाही, लाकडाचे ठोकळे मागितले. म्हणाले, जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरतो तो एकतर नवशिका असतो नाहीतर कंटाळलेला. हायड्रॉलिक जॅक उतरतो, कधी सांगून उतरत नाही. दगड फुटतो, वीट तर चुराच होते. कठीण आणि सपाट जागा बघायची, मागच्या चाकांना उटी लावायची, हॅंडब्रेक ओढायचा, आणि पुढचा आख उचलून त्याखाली बाभळीचे रुंद ठोकळे आडवे-उभे रचायचे. गाडीचा भार ठोकळ्यांवर बसल्यावरच अंग आत घालायचे.

पण उचलण्याच्या आधी एक काम जमिनीवरच करायचे असते. एकाने वर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवायचे आणि दुसऱ्याने बाजूने हात घालून एकेक सांधा चाचपायचा : ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, टाय रॉडची दोन्ही टोके. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी क्षणभर मागे राहिली, की तिथे खेळ आहे. डोळ्यांनी दिसत नाही, हाताला कळते. आमच्या घरातल्या एका वहिनींनी हे काम सगळ्यांत अचूक केले. त्यांना विचारले कसे काय, तर म्हणाल्या, जात्याचा खुंटा सैल झाला की हाताला कळतो तसेच. पाव्हण्यांनी तिथल्या तिथे त्यांना 'फोरमन' करून टाकले.

मग चाक उचलून वर आणि खाली धरून हलवायचे. चाक डुलले तर दोष किंग पिनचा असेल नाहीतर चाकाच्या बेअरिंगचा. कोणाचा, हे ओळखायची साधी युक्ती अशी : एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा चाक हलवायचे. डुलणे थांबले तर बेअरिंग ढिले. ब्रेक दाबूनही डुलत राहिले तर किंग पिन आणि तिचे बुश झिजले. आमच्या गाडीचे डावे चाक ब्रेक दाबूनही डुलत होते. म्हणजे टाय रॉडचे टोक गेले होते आणि वर किंग पिनही गेली होती. स्टेअरिंग बॉक्स मात्र शाबूत होता! गॅरेजवाल्याने जो एकमेव भाग बदलायला सांगितला, तेवढाच चांगला निघाला. बॉक्सवर खेळ कमी करायचा स्क्रू असतो. सांधे झिजलेले असताना तो आवळून खेळ झाकणारे मिस्त्री आहेत. त्याने स्टेअरिंग जड होते, वळणावरून आपणहून सरळ येत नाही, आणि झिजलेला सांधा झिजलेलाच राहतो. बॉक्सचे बोल्ट आणि ते जिथे बसतात तिथली चासी मात्र पाहून घ्यावी. चीर असेल तर तिथूनही खेळ येतो. कमानपाट्यांचे यू-बोल्ट ढिले असतील तर आखच सरकतो आणि माणूस उगाच स्टेअरिंगला शिव्या देतो.

टाय रॉडचे टोक काढायला शक्ती लागत नाही, समज लागते. नट काढला तरी निमुळता खुंटा आर्मच्या डोळ्यात घट्ट बसलेला असतो. आम्ही सवयीप्रमाणे खालून आट्यांवर हातोडा घालणार होतो. पाव्हण्यांनी हात धरला. डोळ्याच्या एका बाजूला जड घण टेकवून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने हातोड्याचा एक सणसणीत ठोका द्यायचा. दोन ठोक्यांत खुंटा आपोआप सुटला. टोक दांड्यातून फिरवून काढताना किती आटे फिरले ते मोजून भिंतीवर खडूने लिहिले. एका टोकाचे आटे उलटे असतात हेही तेव्हाच कळले. नवे टोक तितकेच आटे आत घातले. नट आवळून त्याची खाच भोकासमोर येत नसेल तर नट आणखी आवळून पुढची खाच गाठायची, सैल करून मागची नाही. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा घालायची नाही, खिळा नाही, तार तर नाहीच. तालुक्याच्या बाजारात ती इतक्या किरकोळ पैशात मिळते की आकडा लिहायची लाज वाटते. तेवढ्यासाठी आम्ही घाटात जीव टांगणीला लावला होता.

किंग पिनचे काम अर्धे घरी झाले. अडकवणारा बोल्ट काढून, रॉकेल मुरवून रात्रभर ठेवून पिन सकाळी ठोकून काढली. पण नवे बुश बसवल्यावर आतून नेमके मापाला रीमरने काढावे लागतात. ते काम अंदाजाने होत नाही. बुश ताठ राहिले तर चाक वळत नाही आणि सैल राहिले तर केलेले सगळे वाया. स्टब आखाचे तुकडे पोत्यात घालून मोटारसायकलवरून लेथवाल्याकडे नेले आणि संध्याकाळी आणून बसवले. घरी काय करायचे आणि कारागिराकडे काय न्यायचे हे कळणे म्हणजेच दुरुस्ती येणे, असे आता आमचे मत आहे. शेवटी चाकांची जुळणी. चाक फिरवत टायरच्या मधोमध खिळ्याने रेघ ओढली, आखाच्या उंचीला पुढे दोन रेघांतले अंतर टेपने मोजले, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवे. किती, ते गाडीच्या पुस्तकात असते. एवढे करून रिकामी गाडी हळू चालवत नेऊन यंत्रावर तपासून घेतली. फरक निघाला तो बारीकच होता, पण तपासल्याशिवाय घाटात नेली नाही.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. घरी दुरुस्ती करा म्हणून आम्ही सांगतो आहोत, म्हणजे वेल्डिंग मारा असे सांगत नाही. आपल्याकडे वेल्डिंगवाला म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध. नांगराला वेल्डिंग, गोठ्याच्या दाराला वेल्डिंग, तसेच टाय रॉडला, ड्रॉप आर्मला, स्टेअरिंग आर्मला वेल्डिंग. हे भाग घडवलेल्या आणि उष्णतेने मुरवलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होते. जोड वरून जाडजूड आणि भक्कम दिसतो, आणि एक दिवस त्याच्या बाजूला खटकन तुटतो. आधी वाजत नाही, डुलत नाही, इशारा देत नाही. तीच गोष्ट वाकलेला टाय रॉड भट्टीत तापवून सरळ करण्याची. झिजलेल्या गोळ्याच्या वाटीत पत्र्याची चकती घालून खेळ मारणारेही आम्ही पाहिले आहेत. असल्या करामतीला आपण मोठ्या अभिमानाने डोकॅलिटी म्हणतो. ज्या कचेरीने कागद पास केला तिला आपण नावे ठेवतो. पण या करामती करून बायकापोरांना त्याच गाडीत यात्रेला नेतो, तेव्हा आपणही एक खोटा दाखलाच देत असतो.

देवराष्ट्र्याची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. कडेगाव तालुक्यातले, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या एका लोहार कारागिराने भंगारातून चारचाकी घडवली. मोटारसायकलसारखी लाथ मारून चालू होणारी, डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेली. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी जाहीर कौतुक केले, ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी अडवतील हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. दिलेल्या शब्दाला ते जागले, याबद्दल आमची तक्रार नाही. नियमाबद्दलही फारशी नाही. भंगारातली गाडी हमरस्त्यावर सोडताना ब्रेक आणि स्टेअरिंग कोणीतरी तपासलेच पाहिजे. आमचे दुखणे निराळे आहे. शिक्षण जेमतेम, आणि स्टेअरिंगपासून गिअरपर्यंत सगळे घडवणारा हात! या हाताला पारखून, शिकवून, 'याने केलेली दुरुस्ती आम्ही मानतो' असा कागद देणारी एकही व्यवस्था दोन्ही जिल्ह्यांत पुढे आली नाही. टाळ्या मिळाल्या, गाडी मिळाली, हाताला परवाना मिळाला नाही. आपल्या तालुक्यांत असे हात कितीतरी आहेत आणि त्यांची चित्रफीत कोणी काढलेली नाही.

कंपन्यांचेही थोडे बोलू. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप होता की खरे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती-साधने खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, त्यामुळे बाहेरच्या गॅरेजांची वाट बंद होते. प्रकरण प्रवासी मोटारींचे होते, ट्रकचे नव्हते, आणि पुढे ते वरच्या दारांत गेले. पण आपल्या कामाची गोष्ट एवढी की दुरुस्तीची वाट अडवणे ही चूक आहे असे देशाच्या एका आयोगाने मान्य केले. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टलही निघाले. ठीक आहे. पोर्टलने बुश बसत नाही, पण निदान शब्द तरी कागदावर आला.

करात मात्र अजून जुनाच भेदभाव आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. उतरला ते बरेच झाले. त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या भागांवरचा १८ चा ५ झाला. आम्ही विचारतो, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रानात असेपर्यंत तो शेतकरी, आणि तोच माणूस माल भरून जुन्या ट्रकवर बसला की काय शेठजी होतो? नांगरट ५ टक्क्यांची आणि वाहतूक १८ टक्क्यांची, हे कोणत्या शेतीचे अर्थशास्त्र?

तेव्हा जिल्हा बैठकीत आम्ही मांडणार आहोत ते असे. दाखल्याची फी गाडीच्या वयावर नको, तपासणीच्या खऱ्या खर्चाइतकीच हवी, आणि नापास झालेल्या गाडीला कोणता सांधा नापास झाला ते लेखी मिळावे, म्हणजे मालकाला पैसा कुठे घालायचा ते कळेल. तालुक्याच्या आयटीआयमधला लेथ आणि रीमर सुटीच्या दिवशी कुलपात न ठेवता निदान आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्याच्या कामाला, माफक दरात, खुला असावा. कंपनीने गाडीबरोबर मराठीतून दुरुस्तीचे पुस्तक द्यावे. जिथे गाडी विकताना हप्त्यांचा करारनामा मराठीत छापता येतो, तिथे टाय रॉडचे मापही छापता येईल.

हे सरकार देईल तेव्हा देईल. आपण आपले चालू करू. पुढची बैठक कडब्याच्या सुगीआधी आहे. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी एस.टी.ने न येता गाडी घेऊनच यावे. सकाळी भाषणे होण्याआधी दोन तास प्रत्येक गाडीचे पुढचे सांधे चाचपून पाहू. खेळ निघेल त्याची खडूने खूण करून मालकाच्या हातात चिठ्ठी देऊ. पाव्हण्यांनी यायचे कबूल केले आहे आणि वहिनीही येणार आहेत. ग्रीस आणि नव्या स्प्लिट पिना आम्ही घेऊन येऊ, ग्रीस गन दोन आहेत. जॅक आमच्याकडे एकच आहे. ठोकळे मात्र आपापले आणा, आणि बाभळीचेच आणा.